हाताक लागता ता

लिहिणाऱ्यांच्या पंक्तीत बसावं एवढी माझी लायकी नाही. हे धाडस करतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मी बोलेन ते पुस्तकातलं, म्हणजे खरंच, असं घरी वाटायचं. मलाही वाटायचं.

आमची एकुलती एक होडी आचऱ्याच्या खाडीत असते. पाण्यात राहून तिच्या तळाला शेवाळ धरतं, मग बारीक कडक शिंपल्या चिकटतात. बाबा उधाणाच्या भरतीला होडी वर ओढून तळ खरवडायचे आणि शेवटी उलटा हात फिरवून बघायचे. म्हणायचे, "हाताक लागता ता पाण्याक लागता."

गेल्या दिवाळीत बांगडा जोरात होता. खरवडायचं म्हणजे तीन दिवस होडी बंद. बाबांनी विचारलं, "झिला, तू पाण्याचाच शिकतंस मां? आता खरवडूया, की बांगडो सरल्यार?"

मी नुकताच शिकलो होतो की नळीच्या किंवा होडीच्या भिंतीलगत पाण्याचा एक पातळ, संथ थर असतो. खडबडीतपणा त्या थरात बुडाला, तर बाहेरच्या खळबळत्या प्रवाहाला तो जाणवत नाही. लॅबमधल्या नळीत मी स्वतः ते मोजलं होतं.

"बारीकच आसत. पाण्याक कळाचा नाय," मी म्हणालो.

बाबांनी वाकून पाण्याखाली तळाला हात लावला. माझ्याकडे बघितलं. होडी तशीच समुद्रात गेली.

चार दिवसांत ती जड झाली. बाकीचे जाळी ओढून परतायचे तेव्हा आमची पोचायची. शेजारचे काका बंदरावर हसले, "काय रे इंजिनेरा, पाण्यान तुझा पुस्तक वाचूक नाय वाटता!"

हॉस्टेलवर परत आल्यावर पुस्तक उघडलं. वेग वाढला की तो थर आणखी पातळ होतो आणि लहानशी शिंपलीही उघडी पडते. नळीतलं पाणी संथ होतं. हे पुढच्याच पानावर होतं. मी ते परीक्षेसाठी वाचलेलं, होडीसाठी नाही. घरी फोन करायला मला आठवडा लागला. तोवर रेटून रेटून इंजिन बसलं होतं. बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाऊ लागले.

काल आईचा फोन आला.

"होडी इकली रे. गिऱ्हायकाक देवच्या आधी तुझ्या बापाशीन दोन दिस तळ खरवडल्यान. हात फिरवून बघितल्यान, मगेच दोरी सोडल्यान."