वांग्यावरचा आळ

आमच्या चिखलीकडच्या गावात कुणाच्या अंगावर पित्ती उठली, की पहिला आरोपी वांगं. लाल, सुजलेले चट्टे दिसले रे दिसले, की 'काय झालं?' असं कुणी विचारायचं नाही; 'वांगं खाल्लं का?' असंच विचारायचं. मग अंगाला गेरू फासायचा, वरून घोंगडी पांघरायची आणि घाम गाळत बसायचं. त्या टोचऱ्या लोकरीनं पित्ती पळते म्हणे. माणूस कसा पळत नाही, याचं मला नवल वाटायचं.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक झाले आणि मला अमरावतीला सायन्सला प्रवेश मिळाला. गावातून इतक्या लांब शिकायला जाणारी मी पहिलीच मुलगी. बाबांनी गावभर पेढे वाटले, आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या पाठीवर तळहाताएवढे चट्टे उठले.

"वांगं," वैद्यबुवा नाडी न पाहताच म्हणाले.

वांगं बंद झालं. पित्ती बंद झाली नाही. पुढे आषाढी एकादशी आली आणि चातुर्मासाचं वांगं घरोघरच बंद झालं, ते थेट चंपाषष्ठीपर्यंत. तरी बाबा आपले खांबाला पाठ घासतच होते. आता आईला भलताच संशय आला.

"खरं सांगा, कोनाच्या वावरात चोरून भरीत खाऊन राह्यले?"

"मारोतीची शपथ, वांग्याचं देठही नाही पाह्यलं!" बाबा घोंगडीतून ओरडायचे. आई तरीही त्यांच्या हाताचा वास घेऊन बघायची.

या भानगडीत मरण माझं होतं. कॉलेजला आठ दिवस उरले असताना आईनं निकाल दिला, "बापाले अशी पित्ती, अन् तू अमरावतीले जाशीन? बाप बरा झाला का मंग जाय." बापाची बरं व्हायची लक्षणं नव्हती आणि माझी जागा कुणी धरून ठेवणार नव्हतं. मला वांग्याचा राग आला, वैद्यबुवांचा आला आणि खरं सांगते, बाबांच्या पाठीचासुद्धा आला.

राग आला की माझं डोकं चालतं. मी लक्ष ठेवू लागले. अमरावतीला न्यायची माझी पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली आली, की दुपारपर्यंत बाबा लालेलाल. पेटी वर गेली, की दोन दिवस अंग स्वच्छ. तीनदा पेटी वर-खाली केली आणि तीनदा तेच घडलं. सायन्सला जाण्याआधीच मी केलेला हा पहिला प्रयोग, आणि त्यातला बेडूक म्हणजे माझे बाबा.

पुढे जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, तेव्हा त्या पाठीचा उलगडा झाला. मन अस्वस्थ झालं, की कातडीतल्या मज्जातंतूंची टोकं न्यूरोपेप्टाइड नावाची इवलीशी रसायनं सोडू शकतात. शरीराचा पहारा करणाऱ्या काही पेशी त्यांनी चवताळतात, आणि चोर नसतानाच दंगा सुरू होतो. उलट त्या पहारेकरी पेशींचे निरोपही मेंदूपर्यंत पोचतात. हे शिकवताना दर वर्षी माझ्या डोळ्यांसमोर गेरू फासलेले बाबा उभे राहायचे आणि मला हसू आवरायचं नाही. मुलींना वाटायचं, बाईंना या धड्यात काय एवढं हसू येतं.

पण त्या वेळी मला एवढंच कळलं होतं की पेटी हेच वांगं आहे. मी सरळ बाबांसमोर जाऊन बसले.

"बाबा, मी जाऊ नये असं वाटते का तुमाले?"

"मी कधी नाही म्हनलं का?"

"तुमी नाही म्हनत. तुमची पाठ म्हनते."

बाबांनी घोंगडीत तोंड घातलं ते संध्याकाळपर्यंत काढलं नाही. जायच्या दिवशी सकाळी मात्र पेटी त्यांच्याच डोक्यावर होती. "चाल, यष्टी चुकन."

गेरूनं रंगलेले हात, गळ्यापर्यंत घोंगडी आणि श्रावणातला उकाडा. त्यांना बघून कंडक्टर दारातच आडवा आला. "बुवा, देवी आल्या का अंगावर? खाली उतरा!" देवीचं नाव निघताच पुढच्या चार बाकांवरची माणसं मागं सरकली.

"देवी नाही बाप्पा, पित्ती हाय."

"वांगं खाल्लं असन," मागून कुणीतरी म्हणालंच.

"नाही खाल्लं!" बाबा भर गाडीत ओरडले. "पोरगी चालली माही. मले करमनार नाही तिच्याबिगर, म्हून उठली!"

कंडक्टरनं आमची पेटी स्वतः उचलून आत घेतली. मी खिडकीकडे तोंड करून रडत होते आणि शेजारी बाबा कराकरा खाजवत होते, ते अमरावती येईपर्यंत.

होस्टेलच्या फाटकात त्यांनी घोंगडी काढून माझ्या हातात दिली. "ठेव. लागन तुले."

"मले कायले लागते?" मी म्हटलं. एवढ्या उकाड्यात!

चौथ्या दिवशी माझ्या मानेवर पहिला चट्टा उठला. खोलीतल्या मुलीनं विचारलं, "वांगं खाल्लं का गं?"

मेसमध्ये त्या आठवड्यात वांगं झालंच नव्हतं. मी पेटी उघडली आणि घोंगडी काढली.