काटवलाचा नर वेल

आमचं दोघांचं शेवटचं सोबतचं काम म्हनजे परसाभोवतीची कुपाटी नीट करणं. श्रावण लागला होता. मी बांबूच्या काड्या रोवत होतो आन् बायको त्याच्यावर काटवलाचे वेल सुतळीनं बांधत होती. रानातून वेलाचे कांदे खनून आनून तिनंच लावले होते. चार वेल. तिघांले काटवलं लागत. चौथ्याले नुसती पिवळी फुलं, तीन वर्षं झाली तरी फळाचा पत्ता नाई.

मी आलापल्लीकडं सागाच्या कामावर हयात घालवली. तिथी झाडावर वेल चढला का काप, एवढंच शिकलो. हात तसाच चालला. चौथा वेल बुडापासून कापला, कांदा उपटला आन् गुरापुढं फेकला.

"साऱ्या जंगलाचे वेल कापून पोट नाई भरलं वाटते तुमचं! नर होता तो."

"वेलात कुठी नर-मादी असते का वं?"

"याच्यात असते. त्याच्या फुलाची भुकटी या तिघींच्या फुलाले लागली तवाच काटवल धरते. संध्याकाळी दिव्यावर येतेत ना, तसली पाखरं नेऊन लावते. आता काय तुमच्या मिशीची भुकटी नेतीन?"

मी हसलो. म्हनलो, अंगठा उठवनारी मले शिकवून राह्यली. मी तरी कोन मोठा, दुसरी पास.

त्याच दिवशी तिले ताप भरला. दवाखान्यातल्या गोळ्या दिल्या, पन ताप हटेना. बाजेवरून ती रोज इचारे, "अवो, धरलं का?" मी कुपाटीशी जाऊन पाहे. फुलाखालची काटेरी बोंडं बोराएवढीही होत नव्हती, पिवळी पडून गळत होती.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं पुन्हा इचारलं.

"धरलं," मी म्हनलो. "दहा-बारा दिसून राह्यले."

"मंग माझंच चुकलं. उगाच बोलली तुमाले."

तवा तोंड उघडाले पायजे होतं. नाई उघडलं. बायकोपुढं हार खायची लाज वाटली. म्हनलं, बरी झाली का सांगू. दुपारी ती गेली. खरी ती होती आन् स्वतःले खोटी समजून गेली, माझ्या पायी. आजही काटवलाची भाजी माझ्या घशाखाली उतरत नाई.

दुसऱ्या दिवशी घरात पाव्हणे बसले होते. मी उजाडताच उठून जंगलात गेलो. नाल्याकाठी वेल सापडला. त्याच्या फुलाखाली बोंड नव्हतं, म्हनून वळखला. शेलाभर फुलं आनली आन् कुपाटीवरच्या एकेका फुलाले घासत बसलो.

तिची बहीण, माझी साळी, दारातून म्हनली, "भाऊजी, आजच्या दिवस तरी घरात बसा न. लोक काय म्हनतीन?"

"दुपारी फुलं मिटतेत," मी म्हनलो, आन् पुढच्या वेलाकडं सरकलो.