टॅबलेट येऊन राहिला

अजून जन्माला न आलेल्या टॅबलेटबद्दल आमच्या मोठेबाबांना जेवढी माहिती आहे, तेवढी तो बनवणाऱ्या कंपनीलाही नसावी. कंपनीतल्या लोकांना निदान अधूनमधून शंका तरी येत असतील. मोठेबाबांना येत नाहीत. नवा टॅबलेट कधी येणार, तो केवढा असणार, त्याची कडा किती बारीक असणार, हे सगळं ते वरच्या गॅलरीतल्या खुर्चीत बसून सांगतात आणि वर म्हणतात, "आता घेतला तं पस्तावशीन." मी काहीच घेणार नसते. मी फक्त वाळलेले कपडे काढायला आलेली असते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. पुण्याकडे त्यांना काका म्हणतील. आमच्या लोकांना विदर्भातून रायपूरला येऊन पिढ्या झाल्या, मुलं मराठी ऐकून हिंदीत उत्तरं द्यायला लागली, पण मोठेबाबा आणि मोठी आई हे शब्द तेवढे टिकले. आम्ही खाली राहतो, ते दोघं वर. नोकरीची सगळी वर्षं मोठेबाबांनी स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीत काढली. काचेपलीकडून लोक विचारायचे, गाडी कुठवर आली? काचेच्या अलीकडून मोठेबाबा सांगायचे, भाटापारा सोडलं. मग त्याच्या अलीकडचं तिल्दा सोडलं. मग स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलवर उभी आहे. गाडी दिसत नसतानाही ती कुठे आहे हे ठामपणे सांगायचं, हे त्यांचं काम होतं आणि ते त्यांच्या अंगात इतकं मुरलं, की निवृत्त झाल्यावर खिडकी गेली तरी माहिती येतच राहिली. तिला कुठेतरी वाट हवी होती. ती टॅबलेटला मिळाली.

"मोठेबाबा, टॅबलेट कहाँ तक आया?" असं मी जिन्यात विचारते. सवयीनं, जसं कोणी तब्येत विचारावी.

"भाटापारा सोडलं," ते म्हणतात. "येऊन राहिला."

शेजारच्या वर्माजींना बरेच दिवस वाटत होतं, की ही शुगरची एखादी परदेशी गोळी आहे. आली की एक पाकीट आपल्यालाही मागवावं, असं त्यांनी मोठेबाबांना सांगूनही ठेवलं होतं. मोठेबाबा म्हणाले, "हाँ हाँ, लाँच होने दो." कोणाची निराशा करणं चौकशीच्या खिडकीच्या शिस्तीत बसत नाही.

आता यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि मी मनातल्या मनात पुष्कळ हसतेही. पण टॅबलेट हवा होता तो मोठी आईसाठी. तिच्या डोळ्यांचा मधला भाग हळूहळू पुसट होत गेला आहे. समोर पाहिलं की मध्ये धुकं आणि कडेकडेनं जग. म्हणून ती मान तिरपी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते. नवीन माणसाला वाटतं, ही बाई आपल्यावर रागावली आहे. डॉक्टरांनी सांगितलं, जे गेलं ते परत येणार नाही, उरलं ते सांभाळा; वस्तू मोठ्या करून बघा. आणि मोठी आईला बघायची होती ती एकच वस्तू, पुण्याची नात. दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला लागला, तिथलीच वहिनी केली, मुलगी झाली. त्यांचा फोन आला की मोठी आई मोठेबाबांचा तो तळहाताएवढा मोबाइल कानापासून डोळ्यापर्यंत सगळीकडे धरून पाहायची आणि शेवटी म्हणायची, "मले तिचा फ्रॉक दिसते. तोंड नाही दिसत."

दादानं लगेच सांगितलं, टॅबलेट पाठवतो. कोणत्याही घरात गोष्ट इथेच संपली असती. पण आमच्या घरात चौकशी खिडकी आहे. मोठेबाबा म्हणाले, "पाठवू नको. नवा येऊन राहिला."

त्यानंतर जे सुरू झालं त्याला अभ्यास म्हणावं लागेल, कारण मोठेबाबा तेच म्हणतात. हिंदीत व्हिडिओ करणारे जे कोणी भैया लोक आहेत, त्यांच्यापैकी एकही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यांची अनुमानपद्धती साधी आणि अभेद्य आहे. जुन्या मॉडेलची किंमत उतरली, तर 'गोदाम खाली करून राहिले', म्हणजे नवा येतोय. किंमत चढली, तर 'माल संपून राहिला', म्हणजे नवा येतोय. किंमत होती तिथेच राहिली, तर 'लपवून राहिले, नक्कीच काही तरी आहे.' कंपनीच्या समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेवर एकदा निळा ढग होता. त्या ढगावर आम्ही आठवडाभर जेवलो. "निळा म्हणजे स्क्रीन," मोठेबाबा म्हणाले. "ढग म्हणजे वजनाले हलका. आता तूच विचार कर." मी विचार केला. समारंभ झाला. त्यात एक फोन आणि दोन घड्याळं निघाली. मोठेबाबांनी तो समारंभ पूर्ण पाहिला, मला शेजारी बसवून, कारण मी इंग्रजी शाळेत शिकले त्याचा घराला झालेला हा एकमेव उपयोग. शेवटी स्टेजवरचा काळ्या कपड्यांतला माणूस म्हणाला की लवकरच आणखी काही सांगू. मी ते भाषांतर करून सांगितलं. मोठेबाबांनी मांडीवर थाप मारली. "पाहिलं? तिल्दा सोडलं!"

पुढच्या महिन्यात बातमी आली की यंदा काही नाही, आणि टॅबलेट भाटापाऱ्याच्याही मागे, परत बिलासपूरला गेला. आलेली गाडी उलटी धाडायचा मान आजवर फक्त आमच्या मोठेबाबांनाच मिळाला आहे.

रविवारी ते माझ्या स्कूटीवर मागे बसून तेलीबांधा तलावाजवळच्या शोरूममध्ये जात. तलावाच्या कडेला लोक मुलांना घेऊन फिरायला येतात. मोठेबाबा जुन्या मॉडेलची नाडी तपासायला येत. तिथला भैया त्यांना ओळखायचा. टेबलावरचा टॅबलेट ते उचलत नसत, नुसते समोर उभे राहत आणि मान वाकडी करून, दाणा दिसलेल्या कोंबडीसारखं एका डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे पाहत राहत. मग दुसऱ्या बाजूनं. मला फार लाज वाटायची. मी चार्जरच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहायची. "काय पाहून राहिले?" असं मी एकदा विचारलंही, मराठीत, म्हणजे किती वैतागले असेन बघा. ते म्हणाले, "कडेनं फिक्कं पडते. पुढच्यात सुधारतीन." मला वाटलं, हाही कुठल्यातरी भैयाच्या व्हिडिओतला मुद्दा असणार.

मोठी आई वाद घालत नसे. ती फक्त मधून मधून भाजी निवडताना म्हणायची, "तिचे दात पडून राहिले म्हंते. नवे येऊन जातीन तोवर."

"अवं, काहून घाई करून राहिली? दात कोठं पळून राहिले?"

"पडलेले दात कोठं थांबते हो?" मोठी आई म्हणायची. यावर मोठेबाबा पुढचा व्हिडिओ लावायचे.

आणि मग एक दिवस वहिनीचा फोन आला. वहिनी पुण्याची, मनानं चांगली, सगळं वेळेवर करणारी. तिनं सहज विचारलं, "बाबा, टॅबलेटचं काय झालं हो?"

मोठेबाबा नेहमीप्रमाणे म्हणाले, "येऊन राहिला ना!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे 'येऊन राहिला' म्हणजे येतो आहे, वाटेत आहे. पुण्याच्या मराठीत 'येऊन राहिला' म्हणजे आला, आणि आता इथेच मुक्कामाला आहे. तीच अक्षरं, पण मध्ये अख्खा प्रवास. वहिनी लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हापासून हा घोटाळा दबा धरून बसलेला असणार. त्या दिवशी तो उठला.

"अरे वा! आला पण? आणि बोलला नाहीत काही!" वहिनी ओरडली. "मग या रविवारी मोठ्या स्क्रीनवरच बघा हिला. शाळेच्या नाटकात वांगं झालीय. ड्रेस घालून करून दाखवणार आहे तुम्हाला." मोठेबाबा म्हणाले, "अवं नाही, येऊन राहिला म्हंजे..." तेवढ्यात फोन नातीनं ओढला.

"आजी! आता मी तुला मोठ्ठी दिसणार ना?"

फोन स्पीकरवर होता. मोठी आईच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "हव," ती म्हणाली. "दिसशीन."

मोठेबाबांनी फोन ठेवला आणि गॅलरीतून रस्त्याकडे पाहिलं. त्या रस्त्यानं तर टॅबलेट येत नव्हता.

रविवारी दुपारी आम्ही शोरूममध्ये गेलो. भैयानं लांबूनच हात हलवला. "अंकल, अभी नहीं आया."

"पुराना दिखाओ," मोठेबाबा म्हणाले.

भैयाचा चेहरा पडला. धर्मगुरूनंच देव नाही म्हटल्यावर भक्ताचा पडावा तसा. "लेकिन अंकल, आप ही तो बोले थे, आउटर पे खड़ा है! आपके भरोसे मैंने कितने लोगों को वापस भेज दिया, कि रुक जाओ, नया आ रहा है!"

"खड़ा है तो खड़ा रहने दो," मोठेबाबा म्हणाले. "इसमें चेहरा कितना बड़ा दिखता है, वो बताओ."

बाकी काहीच त्यांनी विचारलं नाही. इतके दिवस मला तोंडपाठ करायला लावलेलं चिपचं नाव नाही, बॅटरी नाही, वजन नाही. भैयानं कॅमेरा चालू करून स्वतःचा चेहरा त्यात आणला. मोठेबाबांनी मान तिरपी केली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहायला लागले. आधी डावीकडून. मग उजवीकडून. आणि चार्जरच्या कपाटाजवळ उभ्या असलेल्या मला तेव्हा कळलं, की ही मान मी रोज घरी बघते. इतके रविवार ते टॅबलेट स्वतःच्या डोळ्यांनी पाहतच नव्हते.

"चालते," ते म्हणाले.

संध्याकाळी तो गव्हाच्या डब्याला टेकवून उभा केला. वहिनीचा फोन लागला. आधी नुसता जांभळा रंग पसरला, मग तो मागे सरकला आणि त्यावर हिरवा देठ आला, आणि देठाच्या खाली एक तोंड, पुढचे दोन दात नसलेलं. वांगं काहीतरी बोलत होतं, बहुधा भाज्या खाण्याच्या फायद्यांविषयी. मोठी आईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती मान तिरपी करून पाहत होती.

"आई, आजी तिकडे का बघतेय?" नातीनं विचारलं.

"तुलेच पाहून राहिली, माय," मोठी आई म्हणाली. मग बोट पुढे करून तिनं काचेवर ठेवलं. "अहो, हिचं नाक तं माह्या मायचं आहे. कोणी सांगतलं नाही मले."

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला कोणाला तिच्या आईचं नाक ठाऊकच नव्हतं. मोठेबाबा म्हणाले, "पुढच्या मॉडेलमधी आणखी साफ दिसन." सवय अशी एका दिवसात जात नाही.

पुढचं मॉडेल खरोखरच आलं, थोड्याच दिवसांनी. निळं होतं आणि वजनाला हलकं. ढगाचा अर्थ बरोबर निघाला, याचा मोठेबाबांनी ढोल वाजवायला हवा होता. मी जिन्यात मुद्दाम विचारलं, "कैसा है नया वाला?" ते म्हणाले, "पाहून आलो. कडेनं तेवढंच दिसते." आणि त्यानंतर त्यांनी कुठल्याच टॅबलेटला भाटापारा सोडू दिलं नाही. वर्माजीही आता आपल्या गोळीबद्दल विचारत नाहीत. जिन्यातून जाताना मला काहीतरी विचारायचं राहिल्यासारखं वाटतं.

परवा दादाचा फोन होता. पडद्यावर तो छान मोठा दिसत होता, थकलेलाही. ऑफिस, मुलीची शाळा, रजेचं काही खरं नाही, असं सगळं सांगून शेवटी तो म्हणाला, "दिवाळीत येऊन राहिलो, आई." मागच्या वर्षी म्हणाला होता तसंच. फोन बंद झाला. पडदा काळा झाला तरी मोठी आई त्याच्याकडे कोपऱ्यातून पाहत होती.

"अहो," ती म्हणाली, "हे पोट्ट्याचं येऊन राहिलो, आपल्यातलं होतं का सुनेच्यातलं?"

मोठेबाबा टॅबलेट पुसत होते.

"तुमी चौकशीत होते ना? सांगा ना. कुठवर आला?"

मला वाटलं, पुण्याहून येणाऱ्या गाडीसारखं आता ते गोंदिया म्हणतील. डोंगरगड म्हणतील. आउटर तर त्यांच्या जिभेवरच असतो. काचेच्या अलीकडे बसून त्यांनी आयुष्यभर कोणाला रिकाम्या हातानं पाठवलं नव्हतं.

"निघाला नाही अजून," मोठेबाबा म्हणाले.

मोठी आईनं मान हलवली. मग चाचपडत उठली, टॅबलेटवर हातरुमाल टाकला, पिंजऱ्यावर टाकतात तसा, आणि म्हणाली, "निघाला की सांगजा."