दुसरी सही

सुधाकर गेला त्याच्या आदल्या दिवशी तो माझ्या व्हरांड्यात उभा होता. रविवार, सकाळचे साडेदहा वाजले असतील. हातात मासे धरायचा नवाकोरा रॉड, मुठीवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. मी तो घेतला, टोक छताला टेकवून वाकवून पाहिला आणि म्हटलं, टोक फार नरम आहे, परत कर.  त्यानं चहा घेतला, रॉड पिशवीत घातला. स्कूटरला बांधता बांधता मात्र म्हणाला, "बंड्या, आता एखादा पास करून टाक बाबा. खांद्यात कळ येऊन राहिली आजकाल." मी म्हटलं, स्कूटरला किक मारणं बंद कर, कळ जाईल. तो हसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाच्या पिशव्या आत आणत होतो, तेव्हा त्याच्या बायकोचा, मंदावहिनींचा, फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही या." आंघोळ करून तो पलंगावर टेकला होता, तो उठलाच नाही. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

आम्ही दोघं इथल्याच एका संरक्षण कारखान्यात निरीक्षक होतो. एकतीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. आमच्या विभागाचा नियम असा, की कुठलाही नग एका माणसाच्या सहीवर बाहेर जात नाही. एकानं तपासायचं, मग दुसऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून तपासायचं, दोन सह्या पडल्या की नग पास. पहिली सही सुधाकरची असायची, दुसरी माझी. मी नग बाजूला सारला तर त्यानं कधी हुज्जत घातली नाही. नवीन साहेब आले की विचारायचे, खांडवेजी, आपको तो ठीक लगा था न? तर हा शांतपणे सांगायचा, बंडूला दिसलं असेल काहीतरी. माझ्यावर एवढा विश्वास माझ्या सख्ख्या भावानंही कधी ठेवला नाही. सवयीचं कौतुक राहत नाही, तसं मलाही त्याचं कौतुक राहिलं नव्हतं.

रिटायर झाल्यावर त्याला हे माशांचं वेड लागलं. परदेशात बास नावाचा मासा धरतात, त्याचे व्हिडिओ तो मोबाइलवर तासन् तास बघायचा. रिळाचा हलका रॉड, दोऱ्याच्या टोकाला गांडूळ नाही, पीठ नाही, नुसता खोटा रबरी बेडूक. तो पाण्यावर फेकायचा, टुकटुक करत ओढायचा, की मासा झडप घालतो. आपल्याकडे बास नाही, पण मरळ आहे आणि ती तशीच झडप घालते, हे त्यानं कुठून तरी शोधून काढलं. खरं तर घरात अंडंसुद्धा न आणणारा हा माणूस. त्याला मासा खायचा नव्हता. एकदा धरायचा, हातात घेऊन पाहायचा आणि परत पाण्यात सोडायचा, बस. वहिनी भडकल्या. नर्मदामैयाच्या गावात राहून, जिथे लोक माशांना कणकेच्या गोळ्या चारतात, तिथे हे भलतं काय, म्हणाल्या. शेवटी तह झाला. नर्मदेत नाही, गावाबाहेरच्या तलावावर. मासा जिवंत सोडायचा. आणि ते सामान घरात आणायचं नाही.

घरात आणायचं नाही म्हणून रॉड मदन महल भागातल्या माझ्या घराच्या व्हरांड्यात यायला लागले. बडा फुहारा चौकाजवळ खेळाच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे. दुकानदार ओळखीचा, तो शनिवारी रॉड द्यायचा आणि पसंत नसेल तर सोमवारी परत घ्यायचा; मधल्या रात्री रॉड घराबाहेर स्कूटरलाच बांधलेला. पेन्शनीत बसेल असाच हवा होता, त्यामुळे भारीतले नव्हतेच आमच्यासमोर. पण स्वस्तातला चांगला रॉड ओळखायचा कसा, याचा सुधाकरनं कारखान्यासारखा अभ्यास केला. फायबरग्लासचा जड पण दणकट, कार्बनचा हलका पण आपटला की तडकतो. उंची सात फूट, दोन तुकड्यांचा. टोक वाकावं, मूठ वाकू नये. दोरा ज्या कड्यांतून जातो, त्या कड्यांच्या आत बारीक चीर असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून फुलवातींचा कापूस वहिनींच्या डब्यातून ढापून आणायचा आणि प्रत्येक कडीतून फिरवायचा. चीर असेल तर कापसाचा धागा अडकतो. हे सगळं स्वतः करून झालं की रॉड माझ्या हातात द्यायचा आणि दूर खुर्चीवर जाऊन बसायचा. दुसरी सही झाल्याशिवाय घेणार नाही, असं त्यानं दुकानदारालाही सांगून ठेवलं होतं. दुकानदार एकदा मला म्हणाला, "बाबूजी, मछली पकड़नी है कि रॉड का रिश्ता देख रहे हैं?"

आता जे लिहायचं आहे ते लिहितो... इथवर लिहून दोन दिवस कागद तसाच पडला होता.

पहिला रॉड आला तेव्हा माझी बायको जाऊन सहा महिने झाले होते. मुलगा पुण्याला. घरात दिवसभर कुकरची शिटी आणि मी. सुधाकर आला तेव्हा लहान पोरासारखा फुलला होता. म्हणाला, हा पास झाला ना बंड्या, की पुढच्या रविवारपासून तलाव. पहाटे निघायचं ते दुपारी परत. तू बी चाल. माझे गुडघे असे, की त्या स्कूटरवर पाच मिनिटं बसवत नाही, हे त्यालाही माहीत होतं. मी रॉड हातात घेतला. हिरवट रंगाचा होता, हलका, मुठीला खरं बूच. वाकवून पाहिला, सुरेख वाकला. कापूस फिरवला, कुठेही अडकला नाही. दोन तुकडे जोडून पिळून पाहिले, सूतभरही हलले नाहीत. आणि माझ्या डोळ्यांसमोर ते सगळे रविवार आले, ज्यांत कोणीच येणार नव्हतं. मी म्हटलं, जोड ढिला आहे.

त्यानं उठून रॉड घेतला. जोड स्वतः पिळला, पुन्हा पिळला. जोड घट्ट होता, ते त्याच्या बोटांना कळलं असणारच. एकतीस वर्षं तीच बोटं होती. पण तो म्हणाला, "तू म्हणून राहिला तर असेल." आणि रॉड पिशवीत घातला.

मग ते अंगवळणी पडलं. नंतरचे काही रॉड खरोखरच वाईट होते, एकाच्या कडीत चीर निघाली, एकाची रिळाची बैठक डुगडुगत होती. ते नाकारताना मला बरं वाटायचं. निदान आज खोटं बोललो नाही, असं. पण चांगला आला की मी काहीतरी काढायचोच. दोन वर्षं हा माणूस दर रविवारी येत राहिला. आम्ही चहा प्यायचो, पोहे खायचो, कारखान्यातल्या जुन्या भानगडी उगाळायचो. माझे रविवार मी असे मिळवले. त्याला हे कळलं होतं का? कळूनही येत होता का? माझ्या समाधानासाठी मी "हो" म्हणू शकतो, पण मी म्हणणार नाही. त्याला मासा धरायचा होता आणि त्यानं तो धरला नाही, एवढंच खरं आहे.

तो गेल्यावर मी दुकानात गेलो. तो हिरवट रॉड अजून असेल तर घ्यावा, असं डोक्यात होतं. घेऊन काय करणार होतो, ते विचारू नका. दुकानदारानं आधी हात जोडले, मग आठवून म्हणाला, "वो तो उसी हफ्ते बिक गया था बाबूजी. जो ले गए, आज भी डोरी लेने आते हैं. तारीफ करते हैं."

तेराव्याला गर्दी होती, म्हणून आठवड्यानं पुन्हा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला. म्हणाल्या, "तुमच्यामुळे दोन वर्षं आनंदात गेली त्यांची. शनिवारपासूनच तयारीत राहत. म्हणत, बंडूच्या नजरेतून काही सुटत नाही." मी मान हलवली. तो चहा मी पूर्ण प्यायलो, याची मला आज शरम वाटते. मग त्या मला मागच्या दाराशी घेऊन गेल्या. भिंतीत दोन लाकडी खुंट्या ठोकलेल्या होत्या, छातीच्या उंचीवर, एकीपासून दुसरी हातभर अंतरावर. खुंट्यांना जुन्या टॉवेलचे तुकडे गुंडाळले होते, रॉडला ओरखडा पडू नये म्हणून. वहिनी म्हणाल्या, "मीच म्हटलं त्यांना दिवाळीत, आता पास झाला की रॉड घरीच आणा, काहून दुसऱ्याच्या दारात ठेवता. त्याच दिवशी ठोकल्या. आता काढून टाकू का भाऊजी? येता-जाता हात लागतो."

 चपला घालून निघालो, आणि तेव्हापासून रोज ठरवतो की जाऊन सांगावं, आणि रोज त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत येतो. समोर बसून माझ्याच्यानं हे होणार नाही. हे ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येईल, ती तुमच्याकडे दर रविवारी येते, वहिनी, आणि आधी तुम्ही वाचता, हे सुधाकरनं मला सांगितलं होतं. खुंट्यांचं काय करायचं ते हे वाचून झाल्यावर ठरवा, आणि माझं काय करायचं तेही. पहिल्याच रॉडचा जोड घट्ट होता.