देणगीचा संगणक, देणगीची डिस्क

जळगावातल्या आमच्या समाजाच्या कार्यालयात दात्याचं नाव नसलेली एकही वस्तू नाही. पाण्याच्या टाकीवर नाव आहे, पंख्यांच्या पात्यांवर आहेत, आणि संडासाच्या दारावर तर दोन आहेत, कारण दोघा भावांनी मिळून तो बांधून दिला. मी तिथे वधू-वर सूचक मंडळाचं काम बघते. माझ्या टेबलावरच्या संगणकाच्या डब्यावरही ऑइलपेंटने नाव होतं, एरंडोलच्या नानांच्या वडिलांचं. संगणक असा की बटण दाबून चहा ठेवावा आणि कप विसळून यावं, तेव्हा कुठे पडदा उजळायचा.

यंदा मेळावा तोंडावर आला आणि संगणक मध्येच बंद पडू लागला. सगळ्या मुलामुलींची माहिती, फोटो त्यातच. तो कायमचा बसला असता तर परिचय पुस्तिका छापायला गेलीच नसती, आणि भुसावळपासून शिरपूरपर्यंतचे आईबाप माझ्यावर धावून आले असते. समितीत मी म्हटलं, नवा संगणक घ्या. सगळे छताकडे बघू लागले. समोर नाना बसले होते. त्यांच्या वडिलांचं नाव भंगारात कोण घालणार?

तोड काढली धुळ्याच्या भाऊंनी. त्यांनी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क दिली. मुठीत मावणारी, अगदी ताजं मॉडेल. शाल-नारळ झाला, फोटो झाला. "ताई, अख्खा धुळे जिल्हा मावेल हिच्यात," भाऊ म्हणाले.

जिल्हा राहू द्या, आधी वायरच जाईना. भाऊंनी स्वतःच्या नावाची पितळी पट्टी बसवून आणली होती, ती नेमकी वायरीच्या भोकावर आली होती. मी कानशीने पट्टीचा कोपरा घासला. 'उद्योगपती'मधला 'ती' गेला, पण वायर बसली.

दुसरं टोक संगणकाला जोडलं. डिस्कचा दिवा लुकलुकला, आतून टकटक झाली, दिवा विझला. मागच्या भोकात लावून पाहिलं, तेच.

नाना अहिराणीत म्हणाले, "मना कंप्युटरले काय बी व्हयेल नही. तुमनी डबीमाच खोट शे."

"नाना, डबी मागच्या आठवड्यात घेतलीय," भाऊ म्हणाले. "तुमचा कंप्युटर आला तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता. आता तो या मेळाव्यात उभा राहतोय."

"मंग? त्यालेबी आजून कोन्ही पसंत करेल नही!"

मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "दोन्ही वस्तू ठणठणीत आहेत. फक्त या संगणकाकडून डिस्कला पुरेशी वीज मिळत नाही. मिळाली तरी एवढी मोठी डिस्क याला वाचता येणार नाही." दोन्ही दाते खूश होऊन जेवायला गेले. पुस्तिका होती तिथेच.

ते गेल्यावर मी विचारलं, "या डब्यात नवा संगणक बसेल का?"

"बसेल. पण मॅडम, नव्याबरोबर नवा डबा येतोच."

"तो तुम्ही ठेवा. आम्हाला हाच लागतो."

त्याने डबा रिकामा करून आतलं सगळं नवं घातलं. जुन्यातली माहिती नव्यात घेऊन भाऊंच्या डिस्कवर उतरवली. नव्या संगणकाने ती डिस्क लगेच ओळखली. समितीत मी "किरकोळ दुरुस्ती" एवढंच म्हटलं. शाल-नारळाचा प्रश्न नसल्याने कोणी खोलात गेलं नाही.

नाना आले, बटण दाबलं, पडदा तत्काळ उजळला. त्यांनी डब्यावर थाप मारली. "देखा, आजूनबी कसा पयी ऱ्हायना!"

"माझी डिस्क लावली म्हणून पळतोय," भाऊ म्हणाले.

मी दोघांनाही हो म्हटलं आणि पुस्तिका छपाईला पाठवली. ती वेळेत आली. पहिल्या पानावर नाना आणि भाऊ, अगदी सारख्या मापाचे, रंगीत. लग्नाची मुलंमुली आतल्या पानांत, टपाल तिकिटाएवढी.