आमच्या भुयारातला सालगडी

"ताई, त्या खेळात तुम्ही कोण होता?" असं आजही कुणी विचारलं की मी सरळ सांगते, गडी होते. राणी न्हाई, जादूगारीण न्हाई. मशाल धरणारा, पोतं वाहणारा गडी. ऐकणाऱ्याचं तोंड जरा उतरतं. उतरू दे.

खेळ आणला माझ्या धाकट्या भावानं. नव्वदीच्या शेवटाला तो औरंगाबादला इंजिनिअरिंगला होता, आणि होस्टेलवरून एका जाड इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आल्ता. ना पट, ना सोंगट्या. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपला माणूस आता काय करतो ते बोलायचं. जमलं का फसलं, ते आकड्यावर ठरायचं. त्यासाठी वीस बाजूंचा फासा लागतो म्हणे. जालन्यात तो कुठला मिळायला! आम्ही हाऊजीतले एक ते वीस आकडे निवडले आणि स्टीलच्या डब्यात टाकले. डबा खडखडवायचा, न बघता एक काढायचा. आकडा मोठा आला की काम फत्ते.

नवीन जालन्यातल्या आमच्या घरी, वरच्या खोलीत, सुट्टीच्या दुपारी डाव बसायचा. गोष्ट भाऊ सांगायचा आणि त्याचे दोन मित्र वीर व्हायचे. अंबडच्या वकिलाचा पोरगा जादूगार, आणि टेंभुर्णीचा, ज्याच्या घरी बैलजोड्याही होत्या अन् ट्रॅक्टरही, तो तलवारवाला. आता वीरांचं सामान कोण उचलणार? पुस्तकात त्याची बराबर सोय होती. मजुरी देऊन सोबती ठेवायचा. मशाल त्यानं धरायची, दोर, तेल, दाणागोटा त्यानं वाहायचा, आणि पुढं अंधारात दगाफटका वाटला तर पहिला पाय त्यानं टाकायचा. मेला तर पुढच्या गावात दुसरा ठेवायचा. गरज सरो, वैद्य मरो.

हा सोबती माझ्या वाट्याला आला. कारण काय, तर भाऊ म्हणाला, "तुला चहाला मधीच उठावं लागतं ना ताई. गडी काय, न्हाई बोलला तरी चालतो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडानं ताई ताई, आणि डोक्यावर पोतं! तरी मी बसले. बी.कॉम. होऊन घरात बसले होते, दिवस जाता जात नव्हता, आणि ती गोष्ट मला मनापासून आवडली होती.

सोबती रोजानं ठेवावा असं पुस्तकात होतं. टेंभुर्णीच्याला ते काही पटेना.

"रोजानं? अन् उद्या दुसऱ्याकडं गेला मंग? गडी सालानं ठेवत असतेत. पाडवा ते पाडवा. मधी सोडायचं न्हाई."

"पुस्तकात असं न्हाई रे," भाऊ म्हणाला.

"पुस्तक लिहिणाऱ्याकडं वावर हाय का?"

झालं, विषय संपला. तो दिवसही गुढीपाडव्याचाच होता, सगळे सणाला घरी आलेले. साल ठरलं. ज्वारी, एक कपड्याचा जोड, पायताण. पुढच्या पाडव्यापर्यंत गडी वीरांचा. वीरांनी माना डोलावल्या, गड्याच्या वतीनं मीही डोलावली.

पुढं वर्षभर, हे लोक जेव्हा जेव्हा सुट्टीला यायचे तेव्हा, माझा गडी वाहतच राहिला. झुलत्या पुलावर त्यानं दोर धरून ठेवला म्हणून जादूगार वाचला. शाबासकी कुणाला? जादूगाराच्या मंत्राला. लांडग्यांच्या रानात त्यानं जाळ पेटता ठेवला, आणि त्या उजेडात तलवारवाल्यानं नाव कमावलं. मी गड्याला बोलायला लावलं की दोघं वैतागायचे. "ताई, गड्याला गप बसवा बरं." मी बिलकुल बसवला न्हाई. उलट त्याला गाणी म्हणायला लावली, तीही बेसूर.

आणि मग दुसरा पाडवा आला. टेंभुर्णीचा उशिरा पोचला, आणि आला तोच फणफणत. "सकाळधरून डोकं खाऊन राह्यलेत घरी. जुना गडी थांबाय तयार न्हाई. साल भरलं म्हणतो, अन् निघाला!" मी पुरणपोळीचं ताट त्याच्यापुढं ठेवलं. तेव्हाच माझ्या डोक्यात काहीतरी हललं.

जेवणं झाली, डाव बसला. वीर भुयारात शेवटाला पोचले होते. समोर काळ्या फरशीची मोठी खोली, तिच्यापलीकडं खजिना. फरशीतला कुठला तरी दगड पोकळ आहे आणि खाली भाले उभे आहेत, एवढं भावानं सांगून टाकलं होतं. कुठला दगड, ते न्हाई.

"गड्याला पुढं धाडा," तलवारवाला म्हणाला. मिशीवर ताव दिल्यासारखा म्हणाला.

भावानं डबा माझ्याकडं सरकवला. सोबत्याला जिवावरचं काम सांगितलं तर त्याची निष्ठा आकड्यानं तपासायची, असा नियम होता. दहाच्या वर आला की तो मुकाट जाणार.

मी झाकणावर हात ठेवला. "आज काय हाय?"

"पाडवा," जादूगार म्हणाला.

"मंग साल भरलं. त्यानं मशाल भिंतीला खोचली, पोतं खाली ठेवलं. म्हणतो, रामराम मालक."

मग जो कालवा झाला! "ताई, हे काय! ऐन वक्ताला!" तलवारवाला उठूनच उभा राहिला. मी म्हटलं, "पाडवा ते पाडवा, तुम्हीच म्हणाल्ते न्हाई का?" हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

"निष्ठेचा आकडा तर काढ," भाऊ म्हणाला.

"तो आता यांचा नोकरच न्हाई. निष्ठा कशाची काढू?"

भावानं मग आवाज खाली घेतला. "ताई, बघ हां. तो गेला तर तुझ्याकडं खेळायला दुसरं कुणी न्हाई. तुझा खेळ खल्लास. त्यापेक्षा धाड त्याला. वाचला तर वाचला, न्हाई तर मी तुला झकास जादूगारीण देतो. तुझ्या हक्काची."

मला ती हवी होती का? हवी होती! वर्षभर हवी होती. तिच्या अंगरख्याचा रंगसुद्धा मी मनात ठरवला होता. पण माझ्या गड्याला भाल्यांवर पाडून, त्याच्या मढ्यावर पाय देऊन वर चढायचं? हट्!

"न्हाई," मी म्हणाले. "तो घरी चाललाय."

"बरं बाई, गेला. आता पुढं..."

"गेला म्हणजे? कसा गेला? वाटेत पूल हाय, लांडगे हायेत. बराबर खेळायचं."

"एकट्या गड्याचं कोण खेळत असतं?" तलवारवाला म्हणाला.

"मी."

भावानं माझ्याकडं पाहिलं. माझ्यावर चिडला होता, पण गोष्ट सांगणारा इमानदार होता. गठ्ठा मिटून त्यानं बाजूला ठेवला. "बरं. घर कुठं त्याचं?"

वर्षभरात हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा न्हाई. पण उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. नदीच्या अल्याड, दोन खणांचं घर. बायको आहे, तिला कमी ऐकू येतं, म्हणून तर हा एवढ्या मोठ्यानं गातो.

पुलावर आकडा तीन आला. गडी घसरला, एका हातानं दोराला लोंबकळला. पुन्हा डबा खडखडवला, सतरा. वर आला. रानात लांडग्यांनी वास काढला तेव्हा त्याच्या हातात जाळ नव्हता, काही नव्हतं. "झाडावर चढवा ताई, झाडावर!" अंबडच्या वकिलाचा पोरगा स्वतःचा जादूगार विसरून ओरडला. आकडा अकरा. चढला. उजाडेपर्यंत फांदीवर बसून राहिला, आणि लांडगे गेल्यावर उतरून चालू लागला.

"पोचला," भाऊ शेवटी म्हणाला. "दार उघडं हाय. बायकोनं त्याला लांबूनच पाहिलंय."

टेंभुर्णीचा इतका वेळ खिडकीकडं तोंड करून बसला होता. तो वळला. "झालं ना आता? आमची मशाल विझत आलीय तिकडं, आम्ही कवाचे अंधारात उभे. आता आमचं घ्या की!"

"थांबायचं जरा," मी म्हणाले. "तो जेवायला बसलाय."