धावत होते आणि वजन वाढत होतं

“वैशालीताई, तुमचं वजन तुमच्या खाण्यानं वाढलेलं नाही,” मेडिसिनच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “तुम्हाला कुशिंग्स सिंड्रोम आहे.”

दुसरं वाक्य मला कळलंच नाही. मी पहिल्यावरच अडकले होते. शेजारी बसलेला माझा नवरा प्रवीण घाबरून विचारत होता, “मॅडम, कॅन्सर तर नाही ना?” मी मात्र खुर्चीवरून उठले, दार उघडलं आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या सासूबाईंना हाक मारली.

“आई, आत या. डॉक्टर काय म्हणतात ते ऐका.”

त्या पदर सावरत आत आल्या. मी मॅडमना म्हटलं, “मघाचं पहिलं वाक्य परत एकदा सांगा ना.” मॅडमनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईंकडे. त्यांना काय समजायचं ते समजलं असावं. त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून ते वाक्य पुन्हा म्हटलं.

आजाराचं नाव ऐकून आनंदानं रडणारी बाई त्या ओपीडीत त्यांनी क्वचितच पाहिली असेल.

मी देवळीच्या एका शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका आहे. राहते वर्ध्याजवळ पिपरी मेघेला. रोज स्कूटीनं जाणं-येणं. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळले आणि नोकरी लागल्यावर शाळेत मुलींचा संघ बांधला. माझं शरीर हेच माझं पुस्तक. मुलींना काही समजावून सांगायचं तर मी ते करून दाखवायची.

आधी बदलला तो चेहरा. गोल झाला, गालांवर लाली आली. लोक म्हणाले, तब्येत सुधारली. मग पोट सुटलं. मानेच्या मागे मांसाचा उंचवटा आला. विचित्र म्हणजे हात आणि मांड्या बारीक होत चालल्या होत्या, पण फुगलेल्या पोटापुढे ते कोणाच्या लक्षात येणार? माझ्याही आलं नाही.

मी व्यायाम वाढवला. सकाळी मैदानाच्या फेऱ्या, मग सूर्यनमस्कार, संध्याकाळी दोरीवरच्या उड्या. भात सोडला, साखर सोडली, चहा सोडला. आई जिऱ्याचं पाणी द्यायच्या ते प्यायले. वर्ध्याला जिम लावली. तिथला ट्रेनर महिनाभरानंतर हसत म्हणाला, “मॅडम, घरी काहीतरी गडबड चालू आहे. मशीन खोटं बोलत नाही.” मशीन खरंच खोटं बोलत नव्हतं. दर वेळी काटा पुढेच जायचा.

आई मनानं वाईट नाहीत. पण त्या जे डोळ्यांनी पाहतात तेच बोलतात. एकदा जेवताना त्यांनी माझ्या ताटाकडे बघून विचारलं, “एवढुसं खातं अन् एवढी फुगतं? लपून खातं काय वं?” प्रवीणनं विषय बदलला, पण त्यानंही माझी बाजू घेतली नाही. त्या घासाची चव मला आजही आठवते.

शाळेत तर आणखी अवघड झालं. संघाची कॅप्टन आरती एके दिवशी प्रेमानंच म्हणाली, “मॅडम, तुम्ही बसा नं तिकडं. उगाच थकसान.” मुलींना पाटीवर कसं बसायचं ते दाखवायला, म्हणजे दोन खांबांमधल्या रांगेत उकिडवं बसायला, मी खाली बसले की हात टेकल्याशिवाय उठता येत नव्हतं. खो-खोत खो मिळाला की क्षणात उसळून उठायचं असतं. मी गुडघ्यांवर हात रोवून, दात आवळून उठत होते आणि मुली दुसरीकडे बघत होत्या.

मग मुख्याध्यापकांनी बोलावलं. “मॅडम, या वर्षी मैदान दुसऱ्या सरांकडे देऊ. तुम्ही लायब्ररी सांभाळा. तुमच्या तब्येतीसाठीच म्हणतो.” मी विनवण्या करून दिवाळीपर्यंतची मुदत मागितली आणि दुप्पट धावायला लागले.

त्या धावण्यातच पाय मोडला. पडले नाही, ठेचही लागली नाही. फेरी मारताना पावलात कळ उठली आणि पाऊल टेकवेना. एक्स-रेत स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. म्हणजे एकदम मार लागून नव्हे, तर पुन्हापुन्हा ताण पडून हाडाला गेलेली चीर. हाडाच्या डॉक्टरांनी पायाला पट्टी बांधता बांधता विचारलं, “हे दंडावर काळेनिळे डाग कशाचे?” मला माहीत नव्हतं. नुसतं कुठे लागलं तरी असे डाग उठायचे. त्यांनी रक्तदाब मोजला. तो खूप वाढलेला होता. “तुमच्या वयात, रोज धावणाऱ्या बाईला हे सगळं एकदम होत नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी मला मेडिसिन विभागात पाठवलं.

तिथे दुपारपर्यंत नंबर लागला नाही. कुबडी मांडीवर घेऊन मी मनात उत्तरं जुळवत होते. आता विचारतील, काय खाता? किती खाता?

मॅडमनी खाण्याचं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, “पाय मोडायच्या आधी चटईवरून उठताना हात टेकवावा लागायचा का?” मी म्हटलं, वर्षभरापासून. “केस विंचरताना हात भरून येतात?” येतात. “पाळी?” चुकते. मग त्यांनी पोट तपासलं. पोटावर जांभळे, बोटभर रुंद पट्टे पडले होते. ते मी प्रवीणपासूनही लपवत असे. मॅडमनी ते नीट पाहिले आणि म्हणाल्या, “तुमचा जुना फोटो आहे का?”

प्रवीणनं मोबाईलमधला आमच्या लग्नानंतरचा एक फोटो काढला. मॅडमनी तो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. मग त्यांनी विचारलं, “गोरं होण्याची क्रीम, दम्याचा पंप, गुडघेदुखीची पुडी, कुठलं इंजेक्शन, असं काही घेता? त्यात स्टेरॉइड असतं.” मी काहीच घेत नव्हते. “मग ते तुमचं शरीरच बनवतंय का, ते बघू.”

स्टेरॉइड म्हणजे बाहेरून मिळणारं औषध एवढंच मला माहीत होतं. पण मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात, त्यांना अ‍ॅड्रिनल म्हणतात. त्या कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन बनवतात. ते हवंच असतं, ताण सोसायला, सकाळी उठायला. पण जास्त झालं की ते स्नायू झिजवतं, हाडं पोकळ करतं आणि पोटावर-चेहऱ्यावर चरबी साठवतं. यालाच कुशिंग्स सिंड्रोम म्हणतात. मी जितकी धावत होते तितकी दमत होते, आणि कॉर्टिसॉल माझे स्नायू खात होतं.

तपासण्यांतली पहिली होती दिवसभराची लघवी जमा करण्याची. दवाखान्यानं एक मोठा कॅन दिला होता. दुसऱ्या दिवशी तो कापडी पिशवीत घालून आम्ही ऑटोत बसलो, तर शेजारच्या काकूंनी फाटकातून विचारलं, “काय नेऊन राह्यल्या, ताक काय?” प्रवीण म्हणाला, “हो काकू, डॉक्टरसाठी.” त्या आजारपणात आम्ही दोघं पहिल्यांदा पोट धरून हसलो ते त्या ऑटोत.

दुसरी होती डेक्सामेथासोन सप्रेशन टेस्ट. झोपण्याआधी स्टेरॉइडची एक गोळी घ्यायची आणि सकाळी रक्त द्यायचं. निरोगी शरीर त्या गोळीनं समजून घेतं की पुरेसं झालं, आणि स्वतःचं कॉर्टिसॉल थांबवतं. माझ्या शरीरानं ऐकलंच नाही. त्याच रिपोर्टच्या दिवशी मी आईंना ओपीडीत बोलावलं होतं.

त्या दिवशी आम्ही घरी आलो. चपला काढताना आई एवढंच म्हणाल्या, “मले वाटे, तू लपून खातं. माया जिभेले हाड नाई, पोरी.” मग स्वयंपाकघरात गेल्या आणि खूप दिवसांनी माझ्यासाठी साखर घालून चहा केला. रक्तातली साखरही वाढलेली निघाल्यानं ती मला चालणार नव्हती, पण तो चहा मी प्यायले.

पुढे रक्तातलं एसीटीएच हे हार्मोन तपासलं. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते. ती या हार्मोनमधून अ‍ॅड्रिनलला हुकूम सोडते. माझं एसीटीएच अगदी कमी निघालं. “म्हणजे वरून हुकूम नाही, तरी खाली काम चालू आहे,” मॅडमनी समजावलं. पोटाचा सीटी स्कॅन झाला आणि डाव्या अ‍ॅड्रिनलवर लिंबाएवढी गाठ दिसली. दिसण्यावरून अ‍ॅडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ. पण नक्की काय ते काढून तपासल्यावरच कळणार होतं.

नाव कळल्याचा आनंद तिथे संपला. आता भीती होती. रक्तदाब आणि साखर आटोक्यात येईपर्यंत ऑपरेशन करता येत नव्हतं. ते दिवस मी कसेबसे काढले. प्रवीण रोज रक्तदाब मोजायचा आणि आकडा कमी आला की पास झालेल्या पोरासारखा ओरडायचा. एकदा मी त्याला म्हटलं, “तुला पण वाटायचं ना, मी खाते म्हणून?” तो खाली बघत म्हणाला, “मले काहीच कळे नाई वैशू. तू रडत रडत धावे, मी पाहात राहो.”

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. त्याला लॅपरोस्कोपी म्हणतात. पोटाला लहान छिद्रं पाडून गाठीसकट ती ग्रंथी काढली. शुद्धीवर आले तेव्हा आई पायाशी बसून माझे तळवे चोळत होत्या. आठवड्यानंतर बायोप्सीचा, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता.

मला वाटलं, जिंकलो. पण ज्यांना हे ऑपरेशन करायचं आहे त्यांना मी इथेच सांगून ठेवते, त्यानंतरचे महिने सोपे नसतात. अंग ठणकायचं, मळमळायचं, उठून बसणंही नको व्हायचं. मॅडम म्हणाल्या, “इतकी वर्षं शरीर पुरात होतं. आता पूर ओसरलाय, आणि उजवी ग्रंथी अजून झोपलेली आहे. ती जागी होईपर्यंत गोळी घ्यायची.” ती हायड्रोकॉर्टिसोनची गोळी, म्हणजे शरीराला लागतं तेवढंच कॉर्टिसॉल बाहेरून द्यायचं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद केली तर जिवावर बेतू शकतं. एकदा मला ताप आला आणि गोळी उलटून पडली. प्रवीणनं क्षणही न दवडता दवाखान्यात नेऊन इंजेक्शन देववलं. म्हणून वेळ निभावली.

आणि मग एक दिवस, काहीच न करता, वजन उतरायला लागलं.

यावर माझा विश्वासच बसेना. धावून धावून जे वाढलं होतं ते खाटेवर पडल्या पडल्या कमी होत होतं! आधी चेहरा उतरला. मानेमागचा उंचवटा गेला. ट्रॅकपँटची नाडी पुन्हा आवळून बांधावी लागली. पट्टे जांभळ्याचे पांढरे झाले. आई सकाळी माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवायच्या अन् म्हणायच्या, “थांब, पाहू दे. आज अजून एक गाल सापडला.”

फिजिओथेरपिस्टनी मांड्यांचे व्यायाम दिले. सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्यापासून. मग स्टुलावरून. मग पाटावरून. विद्यापीठाकडून खेळलेली मी, पाटावरून उठले तेव्हा घरात टाळ्या वाजल्या.

पाय मोडल्यावर दुसऱ्या सरांकडे गेलेलं मैदान मला परत मिळालं. मुख्याध्यापकांनी स्वतः बोलावून सांगितलं, “मॅडम, पोरी तुमचंच नाव घेऊन राहिल्या.” एका सकाळी सरावाला एक मुलगी कमी होती. मी काही न बोलता पाटीवर तिच्या जागी जाऊन बसले. आरतीनं मागून पाठीवर थाप मारली, “खो!” आणि मी उठले. हात कुठेही न टेकता, विचार न करता. धावले, पण समोरची मुलगी काही सापडली नाही, ती फारच चपळ होती. मी धापा टाकत खांबाला धरून उभी राहिले. मागे सगळा संघ ओरडत होता. आरती रडत होती.

वर्ष उलटल्यावर रक्त तपासलं. उजवी ग्रंथी जागी झाली होती. मॅडमनी शेवटची गोळी बंद केली.

मी पूर्वीइतकी सडपातळ झालेले नाही, होईन असंही नाही. आणि हेही खरं की वजन वाढलेल्या प्रत्येकाला हा आजार नसतो. तो फार थोड्यांना होतो. पण प्रामाणिक व्यायाम करूनही शरीर उलट्या दिशेनं जात असेल, पट्टे, डाग, रक्तदाब, उठताना टेकवावे लागणारे हात असं सगळं एकत्र दिसत असेल, तर स्वतःला शिक्षा करू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि घरातल्यांनो, ताटाकडे बघण्याआधी माणसाकडे बघा. मला त्या हाडाच्या डॉक्टरांनी, मॅडमनी आणि सर्जननी माझं शरीर परत दिलं. त्यांनी मला एकदाही खोटं ठरवलं नाही, हे ऋण मी विसरणार नाही.

या हंगामात जिल्ह्याच्या स्पर्धा सेलूला झाल्या. अंतिम सामना आमच्या मुलींनी जिंकला. शिट्टी वाजताच त्यांनी मला हाताला धरून मैदानात ओढलं आणि आम्ही सगळ्या फेरी मारायला पळालो. आई पहिल्यांदाच माझा सामना बघायला आल्या होत्या. मंडपाजवळून धावताना त्यांचा आवाज मला गर्दीतही ऐकू आला. शेजारच्या अनोळखी बाईचा खांदा हलवून त्या सांगत होत्या, “थे पाय, लाल ट्रॅकसूटवाली! मायी सून व्हय थे. पाय कशी पळून राह्यली!”